वेड, बाधा आणि व्याधी

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळींनी सुचविले तेव्हा मी नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडातील अमदानीवर लिहीन, असे त्यांनी गृहीत धरले असावे. आपल्याकडील स्मरणिकांत बिंबाजी भोसले हे मानाचे पाहुणे असतात आणि त्यांचा तो मान रास्तही आहे. परंतु राजे, सुभेदार आणि लढाया ह्यांच्या पाठीमागे माणसांच्या समजुतींचाही एक इतिहास असतो. तो फारसा कोणी लिहीत नाही. ज्याला आपण ‘वेड’ म्हणतो त्याच्याकडे निरनिराळ्या काळांतील माणसांनी कोणत्या नजरेने पाहिले, त्याला कोणती नावे दिली आणि त्या नावांमुळे त्या माणसाचे पुढे काय झाले, हा ह्या लेखाचा विषय आहे. मी वैद्य नव्हे. बी. ए. ला इतिहास घेतला होता. त्यानंतरचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत गेले. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला येथे कोणी शोधू नये. विषय निवडण्याचे कारण मात्र घरचेच आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो.

माझी एक आत्या होती. लग्नानंतर तीन वर्षांनी, १९६० साली, सासरच्या मंडळींनी तिला रायपूरला माहेरी आणून सोडले ते कायमचे. काही महिने ती अंथरुणाला खिळल्यासारखी पडून राही. धड जेवण नाही, बोलणे नाही. मग एकाएकी उठे, रात्रभर भांडी घाशी, पहाटे तीन वाजता अंगणभर रांगोळ्या काढी, घरातले तांदूळ शेजाऱ्यांना वाटून टाकी आणि आपण लवकरच दिल्लीस जाऊन पंतप्रधानांना भेटणार असल्याचे सांगे. आजोबांनी प्रथम तिला गाणगापूरला नेले. तेथून परतल्यावर ‘बाहेरचे आहे’ असे घरात ठरले आणि दंडात ताईत आला. पुढे एका डॉक्टरांनी ‘हिस्टेरिया’ असे लिहून दिले. मूल झाले असते तर हे झालेच नसते, असेही ते म्हणाले. १९६९ च्या सुमारास दुसऱ्या शहरातील एका मोठ्या डॉक्टरांनी ‘स्किझोफ्रेनिया’ ठरविला आणि विजेचे झटके देण्यात आले. त्या काळी पुष्कळ ठिकाणी ते भूल न देताच देत. १९८४ मध्ये तिसऱ्या डॉक्टरांनी जुने सारे कागद बाजूला सारले, माझ्या वडिलांना बाहेर बसविले, खुद्द आत्याशीच तासभर बोलत बसले आणि ‘मॅनिक डिप्रेशन’ असे निदान केले. त्यालाच आता ‘बायपोलर’ म्हणतात. एकच माणूस, एकच दुखणे आणि चोवीस वर्षांत चार नावे!

ह्या चार नावांचा माग काढता काढता मी जे वाचले, त्यातील काही भाग येथे मांडतो.

मराठीत ह्या अवस्थेसाठी शब्दांची वानवा नाही. वेडा, खुळा, पिसा, भ्रमिष्ट, चळलेला, झपाटलेला. आमच्या विदर्भाकडच्या बोलण्यात ‘पागल’. ह्यातील ‘वेड’ आणि ‘पिसे’ हे शब्द आपण भक्तीसाठीही वापरतो. माणूस विठ्ठलाच्या वेडाने वेडा झाला, असे म्हणताना आपल्याला त्याची कीव येत नाही, उलट हेवा वाटतो. एकाच शब्दात तुच्छता आणि आदर अशा रीतीने नांदत असतील, तर त्या शब्दाच्या मागे जुना इतिहास असला पाहिजे.

तो इतिहास आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या गद्यात सापडतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गाव आता मराठी भाषा विद्यापीठामुळे वर्तमानपत्रांतून वाचनात येते. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या ग्रंथात हे सत्पुरुष कोणाच्याही घरात शिरतात, हाताला लागेल ते खातात, मुलांबरोबर खेळतात, स्वतःशीच हसतात व बोलतात. महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार ही परमेश्वराची लीला आहे आणि त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मी लक्ष वेधू इच्छितो ते गावकऱ्यांच्या बोलण्याकडे. ते राऊळांना उघडपणे वेडे म्हणतात, झपाटलेले म्हणतात. आणि त्याच तोंडाने त्यांना आपली माय आणि बाप मानतात, संकट आले की त्यांच्याकडेच धाव घेतात. त्यांना कोणी कोंडले नाही, बांधले नाही, गावाबाहेर घालविले नाही. निदान म्हणावे असे त्या गावापाशी काहीच नव्हते. पण अशा माणसासाठी जागा होती.

अर्थात जुन्या काळी सर्वत्र असेच होते, असे मानण्याची भाबडी चूक आपण करू नये. ज्याच्या ठायी देवत्व दिसले नाही, अशा वेड्याच्या वाट्याला खोडा आणि साखळदंडही आले. आपल्या वैद्यकग्रंथांतही दोन्ही प्रवाह आहेत. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वात, पित्त व कफ ह्यांच्या प्रकोपाने होणारे तीन, तिन्ही दोष मिळून होणारा चौथा आणि बाहेरून येणारा ‘आगंतु’ उन्माद हा पाचवा. सुश्रुताने सहा मानले. त्यात शोकादी मानसिक आघाताने होणारा आणि विषाने होणारा हे निराळे धरले. दुःखाने मन मोडते व त्याचा रोग होतो, हे इतक्या जुन्या काळी लिहून ठेवलेले पाहून आश्चर्य वाटते. त्याहून मोठे नवल चरकाचे. भुताखेतांचा तो निर्देश करतो खरा, पण देव, गंधर्व वा पिशाच हे निर्दोष माणसाला रोगी करू शकत नाहीत, रोगाचे मूळ माणसाच्या स्वतःच्या चुकलेल्या बुद्धीत व वागण्यात आहे, असा निर्वाळाही देतो. मात्र हाच ग्रंथ उन्मादाच्या रोग्याला विषदंत काढलेला साप दाखवून भेवडावण्याचा उपायही सांगतो आणि धीर देऊन सांत्वन करण्याचाही. साप आणि सांत्वन ही जोडी पुढील दोन हजार वर्षे टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठ्यांच्या राजकारणात वेडाचा प्रश्न आला तो निराळ्याच रूपाने. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यातील सज्जावरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी वारले. ज्वराच्या वातात तोल गेला, असे एक मत. नाना फडणिसांच्या करड्या देखरेखीला कंटाळून एकविशीतल्या तरुणाने जीव दिला, असे दुसरे. दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी वाद मिटलेला नाही, कारण जो तो आपल्या राजकीय मताप्रमाणे निदान करतो. नागपूरकरांच्या घराण्यातील प्रकार त्याहून वाईट. १८१६ साली दुसरे रघूजी वारले आणि त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. त्यांचे वर्णन शरीराने पंगू, दृष्टीने अधू आणि बुद्धीने दुबळे असे केलेले आढळते. राजा खुळा म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब कारभारी झाले. राजाच्या नावाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह त्यांनीच केला, आणि फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत आढळले. खुनाचा ठपका पुढे आप्पासाहेबांवर आला. त्यानंतर सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेबांची पदच्युती, १८१८ पासून छत्तीसगडावर इंग्रज अधीक्षकाचा अंमल आणि रतनपूरऐवजी रायपूर हे मुख्य ठाणे, असा क्रम आहे. आपण ज्या शहरात आज मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहो, त्याच्या उत्कर्षाच्या कहाणीत एका खुळ्या ठरविलेल्या राजाचा मृत्यूही आहे, ही गोष्ट भोसल्यांवरील लेखांत सहसा येत नाही.

ह्या विषयातील सर्वांत बोलके मराठी प्रकरण मात्र कोल्हापूरचे होय. चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये वयाच्या आठव्या वर्षी दत्तक आले. तरुणपणी त्यांचे वागणे बिघडल्याची कुरबूर सुरू झाली आणि त्यांच्या मनावर परिणाम झाला आहे, असे सरकारने ठरविले. पुण्यातील नव्या वृत्तपत्रांचा आक्षेप असा की, महाराज वेडे नाहीत. त्यांना छळून वेडे केले जात आहे. ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली होती. दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्यावर ह्या पत्रांनी आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आधारासाठी पुढे केलेली पत्रे बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ‘डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस’ ते हेच. ह्या तुरुंगवासात आगरकर ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करीत होते. ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. राजपुत्र खरोखर वेडा आहे की वेडाचे सोंग करतो आहे, ह्याच प्रश्नाभोवती फिरणारे ते नाटक! हा योगायोग आगरकरांच्या नजरेतून सुटला असेल, असे मला वाटत नाही.

महाराजांचे पुढे काय झाले? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. गादीवर पुढच्या वर्षी दत्तक आले ते शाहू महाराज. त्या सर्वश्रुत प्रकाशात हा अंधारा कोपरा आपण विसरून गेलो. ते वेडे होते काय? आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दिवाण, सरकारी डॉक्टर, पोलिटिकल एजंट आणि संपादक ह्या सर्वांची मते कागदावर आहेत. त्या मुलाला काय वाटत होते, हे विचारून कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

राजाचे हे, मग सामान्य माणसाचे काय? कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले त्याच वर्षी, म्हणजे १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि तीनच वर्षांनी, १८६४ साली, नागपूरला वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. ठाणे, येरवडा व रत्नागिरी ह्यांसह ते महाराष्ट्रातील चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. पुण्या-मुंबईच्या भांडणात ‘येरवड्याला पाठवा’ वा ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात, तसे आपल्या बायाबापड्या ‘नागपूरच्या पागलखान्यात’ म्हणत. मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर अशी दोनच इस्पितळे होती, तेव्हा छत्तीसगडातल्या माणसाला त्यांपैकी एकाची वाट धरावी लागे.

ती वाट वैद्याच्या दारातून सुरू होत नसे. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, सिव्हिल सर्जनने दाखला द्यावा आणि हुकूम निघावा, असा क्रम होता. त्याबरोबर एक तक्ता भरावयाचा असे: नाव, जात, वय, धंदा आणि ‘वेडाचे कारण’. ह्या शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षे एक उत्तर मोठ्या संख्येने येत राहिले, ते म्हणजे गांजा. इतके की हिंदुस्थानात वेड गांजानेच लागते, असे इंग्लंडच्या पार्लमेंटातही बोलले जाऊ लागले. म्हणून १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. आपल्या प्रांतातील निमाड भागात, खंडव्याकडे, गांज्याची लागवड होत असल्याने ह्या चौकशीचा मध्य प्रांताशी निकटचा संबंध होता. आयोगाने एकेका रोग्याची मूळ कागदपत्रे काढली, शक्य तेथे गावी चौकशी केली, आणि १८९४ च्या अहवालात नमूद केले की, एका वर्षात गांजामुळे म्हणून नोंदविलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत ते कारण टिकत नाही. मूळ नोंद पोलीस शिपायाने केलेली. त्यास काही कारण लिहिणे भाग होते, त्याने प्रचलित असलेले लिहिले. वरिष्ठांनी ते उतरून घेतले आणि त्यावरून शास्त्र तयार झाले! सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. रकाना कोरा राहिला तर कागद परत येतो. चुकीचा भरला तर पुढे जातो.

त्याच काळात युरोपात वेगळी धडपड चालू होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत पॅरिसमधील पिनेल व त्याचे सहकारी ह्यांनी वेड्यांच्या बेड्या काढल्या, ही कथा पाठ्यपुस्तकांतून आली आहे. त्यामानाने जर्मनीतील क्रेपेलिनचे काम कमी नाट्यमय, परंतु माझ्या मते अधिक दूरगामी. तो रोग्यांची वर्षानुवर्षांची टिपणे ठेवी. रोगी आज काय बडबडतो ह्यापेक्षा पाच-दहा वर्षांत त्याचे काय होते, हे त्याने पाहिले आणि १८९९ मध्ये दोन मोठे गट वेगळे केले: एकात मन हळूहळू ढासळत जाते, दुसऱ्यात उन्माद आणि विषाद ह्यांच्या लाटा येतात आणि मधल्या काळात माणूस जवळजवळ पूर्ववत होतो. पहिल्याला १९०८ मध्ये ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. माझ्या आत्याला तिसऱ्या डॉक्टरांनी जे तासभर विचारले, ते हेच होते: मधल्या काळात तुम्ही कशा असता? गाणगापूरपासून मोठ्या इस्पितळापर्यंत हा एक प्रश्न चोवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

आपल्याकडे १९१२ साली नवा कायदा आला. १९२० च्या सुमारास ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन सरकारी कागदांत ‘मानसिक रुग्णालय’ असे नाव आले. पाटी बदलली, भिंतीची उंची तेवढीच राहिली. उपचारांच्या बाबतीत तो काळ अंधारात चाचपडण्याचा होता. हिवतापाचे जंतू टोचणे, इन्सुलिनने बेशुद्ध करणे, मेंदूच्या पुढील भागातील तंतू कापणे, असे उपाय झाले. त्यांपैकी दोहोंना, म्हणजे हिवतापाला १९२७ साली आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला १९४९ साली, नोबेल पारितोषिकही मिळाले. आज त्यातला कोणताही उपाय ह्या कामी वापरीत नाहीत. १९३८ मध्ये इटलीत सुरू झालेला विजेच्या झटक्यांचा उपचार मात्र सुधारलेल्या स्वरूपात, भूल देऊन, टिकून आहे आणि काही रोग्यांना तो जीवदान देतो.

खरे वळण औषधांनी दिले आणि त्यात आपल्या रानातील एका मुळीचा वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या छत्तीसगडच्या जंगलांतही आढळते. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ मध्ये ह्या मुळीचा रक्तदाबावर व उन्मादावर होणारा उपयोग शास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्याकडे जगाचे लक्ष जाण्यास वीस वर्षे लागली. १९५२ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्लाइन ह्यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचे निष्कर्ष जाहीर केले. १९५२ मध्येच पॅरिसला क्लोरप्रोमाझिन ह्या कृत्रिम औषधाचा गुण दिसला होता, आणि रेसरपीनचे काही दुष्परिणाम लक्षात आल्यावर तेच पुढे रूढ झाले. सर्पगंधेचे राज्य थोडकेच टिकले. आपल्याकडे मात्र ‘सारे आपल्या ग्रंथांत होतेच’ म्हणणारे आणि ‘जडीबुटीत काय आहे’ म्हणणारे, असे दोन्ही पक्ष ह्या कहाणीचा सोयीपुरताच अर्धा भाग सांगतात.

आत्याला गुण आला तो लिथियमने. हे एक साधे क्षार. ऑस्ट्रेलियातील केड नावाच्या डॉक्टरने १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरील परिणाम दाखविला. मात्र रक्तातील प्रमाण थोडे वाढले तरी ते विषारी ठरते. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. १९८४ च्या दिवाळीला ती सबंध घराचा फराळ एकटीने करून रात्री दहा वाजता शांत झोपी गेली. आई तिच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होती, असे मला आठवते.

ह्यानंतर सारे सुरळीत झाले, असे लिहिता आले असते तर बरे होते. १९८६ साली माझ्या थोरल्या बहिणीला पाहण्यास नागपूरहून मंडळी येणार होती. चिवडा आणि नारळाच्या वड्या आत्यानेच केल्या. पाहुणे येण्यापूर्वी तासभर वडिलांनी तिला शेजाऱ्यांकडे जाऊन बसण्यास सांगितले. ती काही न बोलता गेली. संध्याकाळी परत आल्यावर तिने एवढेच विचारले, “वड्या मऊ झाल्या होत्या ना रे?” बहिणीचे लग्न तेथेच जमले. दोन वर्षे आत्याला एकही झटका आलेला नव्हता, तरी आमच्या घराने जुने नाव सोडले नव्हते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची एक अडचण आहे, ती मी समजू शकतो. सोयरीक जमवावयाची तर मुलूख दूर, माणसे अनोळखी. अशा वेळी घराण्याचे नाव हेच भांडवल. पण त्या भांडवलाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.

कायदा ह्या बाबतीत आमच्या घरापेक्षा उदार निघाला. पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागणाऱ्या एका पतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले की, नुसते रोगाचे नाव पुरेसे नाही. तो किती तीव्र आहे आणि संसार खरोखर अशक्य झाला आहे काय, हे सिद्ध करावे लागेल. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींतून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये गाळण्यात आला. १९१२ च्या कायद्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १९९३ पासून अंमलात आला. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याच्या परिसरातील आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. तेव्हा सबंध देश हादरला. २०१७ च्या कायद्याने साखळीला व भूल न देता झटके देण्याला बंदी केली, आणि आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे रोग्याने आधी लिहून ठेवण्याची सोय केली. कोल्हापूरच्या महाराजांना जे कोणी विचारले नव्हते, ते विचारणे आता कायद्याने बंधनकारक झाले आहे.

रोगांची नावेही ह्या काळात स्थिर राहिलेली नाहीत. १९७३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षणाला विकार मानणे सोडले. १९८० च्या त्यांच्या सूचीतून ‘हिस्टेरिया’ हे निदान गेले. आत्याचे दुसरे नाव अशा रीतीने पुस्तकातूनच पुसले गेले. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांची पाहणी केली. त्यात भारतातील केंद्र आग्र्याचे होते. पुढील काही वर्षे ह्या रोग्यांवर लक्ष ठेवल्यावर असे दिसले की, श्रीमंत देशांपेक्षा आग्रा व इबादान येथील रोगी अधिक प्रमाणात सावरले. कारणांविषयी तज्ज्ञांत वाद आहे. एकत्र कुटुंबाचा आधार हे एक कारण सांगितले जाते. मी हे वाचले तेव्हा मला रिद्धपूर आठवले आणि आमच्या घरातील मागची खोलीही आठवली. आत्याला आम्ही घराबाहेर काढले नाही, हे खरे. पण पुढच्या खोलीतही बसू दिले नाही.

आपल्या ह्या राज्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. जवळचे मनोरुग्णालय एका रात्रीत परराज्यातले झाले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाल्यानंतर काही वर्षांनी बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मनोरुग्णालय निघाले. आता आमच्या तेलीबांध्याहून जी. ई. रोडने सरळ टाटीबंधला गेले की एम्समध्येही मनोविकार विभाग आहे. खेड्यापाड्यांत मात्र अजून पहिली धाव बैगा-गुनियाकडेच असते. एखाद्याचे डोके फिरले की दोष गावातील एखाद्या एकट्या बाईवर येतो. तिला ‘टोनही’ ठरवून मारझोड होते. त्यासाठी राज्याला २००५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पण शहरातले आपण सुशिक्षित किती पुढे आलो आहो? २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, त्यात छत्तीसगडही होते. दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि त्यातील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. तेलीबांधा तलावाभोवती सकाळी फिरावयास येणारी आमची मंडळी साखर किती, रक्तदाब किती, स्टेन्ट किती बसविले, हे एकमेकांना मोठ्याने सांगत असतात. इतक्या वर्षांत ह्या दुसऱ्या दुखण्याचा उल्लेख मी तेथे एकदाही ऐकला नाही. सर्वांचीच घरे त्या पाहणीच्या बाहेर असतील, असे काही वाटत नाही. २०२२ पासून केंद्र सरकारने १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक ह्या कामी सुरू केला आहे. तेथे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही.

मुलुखापासून दूर राहणाऱ्या एका मराठी माणसाचे उदाहरण मला मोलाचे वाटते. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे, कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपविले नाही; १९९७ मध्ये पुण्यात ह्या आजाराविषयी जागृती करणारी संस्था काढली आणि ‘देवराई’ ह्या २००४ च्या मराठी चित्रपटामागेही ते उभे राहिले. अनेक मराठी घरांनी ‘आमच्याकडेही असेच आहे’ हे वाक्य तो चित्रपट पाहून प्रथम उच्चारले असेल.

आत्या २००९ साली गेली. शेवटची दहा-बारा वर्षे दर तीन महिन्यांनी तिला रक्ततपासणीस मी नेत असे. पहिल्या खेपेस वडीलही बरोबर होते. खिडकीवरील मुलाने कागदावरून मान वर न करता विचारले, “माताजी, बीमारी क्या है?” वडिलांनी घाईघाईने “कमजोरी, कमजोरी” म्हटले आणि रांगेत कोणी ओळखीचे मराठी माणूस नाही ना, हे पाहण्यासाठी मागे वळले. आत्याने त्यांचा हात बाजूला केला आणि खिडकीत वाकून खणखणीत आवाजात सांगितले, “बायपोलर. लिख लो बेटा.” त्याला ते लिहिता येईना, तेव्हा तिने पेन मागून घेतले आणि तो रकाना स्वतःच्या हाताने भरला.